सिस्टरांचा चष्मा

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता सिस्टर आमच्या घरी आल्या. त्यांनी मला त्यांचा चष्मा आणायला पाठवलं. मी परत आले तेव्हा माझ्या मुलीच्या खोलीला आतून कडी होती.

याला चार वर्षं झाली. सिस्टरांना जाऊन पाच महिने होतील. मी रोज अर्धं पान लिहिते आणि त्यातलं अर्धं खोडते. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मुलांच्या निबंधांवर लाल शाईने ‘विषय सोडून’ असा शेरा मारत आले. आता माझाच विषय सारखा सुटतो. लिहायला बसते सिस्टरांवर, आणि कागदावर माझा हेवा उतरतो. माझ्या मुलीला, केतकीला, मी फोनवर विचारलं होतं की हे सगळं लिहू का. ती म्हणाली, “लिही. सिस्टरांचं चांगलं लिही.” माझं कसं लिहावं याबद्दल ती काही बोलली नाही.

इंदुमती कांबळे हे नाव त्यांच्या दारावर होतं, पण आख्ख्या रहिमतपुरात त्यांना कुणी त्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या सिस्टर. मूळच्या म्हसवडकडच्या. नोकरीची सगळी वर्षं माण तालुक्यातल्या उपकेंद्रांत नर्स म्हणून गेली. नवरा पलटणीत होता, तो तरुणपणीच गेला. एक मुलगा, तो पुण्याला. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारचं घर घेतलं. त्यांची मोरी आणि आमचं न्हाणीघर यांच्यामध्ये एकच भिंत.

अंगाने किरकोळ, चालणं मात्र असं की मागून येणाऱ्याला पळावं लागे. मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. चहा बशीतच पीत. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की आधी हात धुवायला जागा विचारीत, मग माणसांची चौकशी. नव्या जन्मलेल्या बाळाला त्या ‘पाव्हणं’ म्हणत. गोड, गोंडस, छकुलं असलं काही त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. बाळाला बघून झालं, की फार तर “पाव्हणं बरं हाय” एवढंच. आणि मुका घेणं हा प्रकारच नाही. बाळाचं पाऊल उचलायचं, आपल्या कपाळाला लावायचं आणि खाली ठेवायचं, झालं.

त्यांच्या ब्लाउजला आतून खिसा असे. शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेला. चष्मा त्यात.

त्या चष्म्याची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती, आमच्या पायरीवर बसून, शेंगा सोलता सोलता. कुठल्याशा वाडीवर एक सासू होती. सून तपासायला आली की ही चिकटलेली. सुनेला विचारलं तर उत्तर हिचं. पोट कुणाचं दुखतंय ते कळू नये अशी गत.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“काय करतीया? म्हनलं, आवं मामी, माझा चष्मा हरवलाय, तुमची नदर लय चांगली, तेवढा बघा की. म्हातारीनं सगळं उपकेंद्र उपसलं. कपाट हलवलं. दोन वर्सं हरवलेला थर्मामीटर गावला तिला!”

“आणि चष्मा?”

“खिशात.” त्यांनी छातीवर हात आपटला. “सुनंचं समदं ऐकून झालं, मग म्हनलं, आगं बया, हितंच हाय की!”

मी इतकी हसले की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. पुढे कुणाच्या घरी त्यांनी चष्मा शोधायला कुणाला धाडलं की मला कळायचं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही. एवढी आमची दोस्ती होती, आणि एवढीच होती. अकरा वर्षं त्या आमच्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्या घरात उंबऱ्याच्या आत कधी गेले नव्हते. कारण काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले.

हेवा त्या सोमवारच्याही आधीचा. बाजारच्या दिवशी आम्ही दोघी भाजीला निघालो की दहा पावलांवर कुणीतरी बाई थांबायची, कडेवरचं पोर पुढे करायची, “सिस्टर, वळखलं का ह्याला?” माझ्या हाताखालून हजारभर पोरं गेली असतील. ती रस्त्यात भेटली की “नमस्कार, बाई” म्हणतात आणि लगबगीने पुढे जातात. केतकीचंही तेच. तिचं शुद्धलेखन मी सुधारलं. स्कूटी तिला सिस्टरांनी शिकवली, हायस्कूलच्या मैदानावर. मैदानावरून त्या दोघींचं हसू आमच्या गच्चीपर्यंत ऐकू यायचं. मी गच्चीवर पुस्तक घेऊन बसलेली असायची. आमच्या घरात कुणी मोठ्याने हसत नाही. वाईट असं काही नाही, सवय नाही.

केतकीला सांगलीला दिलं. जावई सुशांत, चांगला मुलगा. पहिलं बाळंतपण म्हणून ती आठव्यात रहिमतपूरला आली. फाल्गुन सरत आला होता. आल्यावर आठवड्याभरात तिला किंचित ताप आला, अंग दुखायला लागलं आणि लघवीला जळजळ. ती एवढंच म्हणाली, “आई, उन्हाळी लागलीय बहुतेक.”

उन्हाळी लागली की काय करायचं हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. मी धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून द्यायला लागले. दुपारी सब्जा. चार दिवस. ती न्हाणीघरातून बाहेर यायची तेव्हा डोळे लाल असायचे. मी म्हणायचे, पाणी कमी पितेस. ती म्हणायची, हो.

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. त्या सोमवारी सिस्टर आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, “बाई, काल पानी न्हवतं. तरी तुमच्या न्हाणीत दर तासाला तांब्या वाजतोय. कोन काय धुतंय?”

“केतकीला उन्हाळी लागलीय.”

“ताप?”

“थोडा.”

“किती दिस?”

“चार.”

त्या नळावर जाऊन हात धुऊन आल्या. पदराला पुसले. मग म्हणाल्या, “माझा चष्मा घरी राहिला वाटतं. तेवढा आणता का? फळीवर न्हाईतर सैपाकघरात आसंल.”

मी गेले. पहिल्यांदाच त्यांचा उंबरा ओलांडला. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे पाण्याचा लख्ख पेला. फळीवर नाही. पलंगावर नाही. स्वयंपाकघरात गेले, डब्यांच्या मागे पाहिलं, पिठाच्या डब्यावर हात ठेवला आणि तेव्हा मला आठवलं.

ती सासू मी होते.

तिथे एक स्टूल होतं. मी त्यावर बसले. भिंतीपलीकडे माझं घर होतं आणि त्यात माझी मुलगी दुसऱ्या बाईशी बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते. मी वीस मिनिटं बसून राहिले. मग रिकाम्या हाताने परत गेले. दाराला कडी होती.

कडी निघाली तेव्हा सिस्टरांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. “रिक्षा सांगा,” म्हणाल्या. “साताऱ्याला डॉक्टरीनबाईंना दावाय पायजे. आत्ताच. मी जाते संगट. तुमी हितं थांबा.”

“मी आई आहे तिची.”

“व्हय. म्हनून थांबा.”

दोघी गेल्या. मी धन्याचं पाणी मोरीत ओतलं आणि तांब्या घासून पालथा घातला.

परत आल्यावर मला सांगण्यात आलं ते असं: गोळ्या दिवसातून तीनदा, एकही चुकवायची नाही, आणि बाळंतपण सिझेरियनच करायचं. मी ‘का’ विचारलं. केतकी भिंतीकडे बघत होती. सिस्टर म्हणाल्या, “ती सांगंल तवा सांगंल.”

तिने सांगितलं नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मी वहीत उतरवून घेतलं आणि मोबाइलवर शोधलं. शब्दकोशात शब्द शोधावा तशी एकेक ओळ थांबून वाचली. हर्पिस. अंगाच्या खाजगी भागावर येणारे फोड. बाईला हा आजार जुना असेल तर तिच्या रक्तातलं संरक्षण बाळाला आधीच मिळालेलं असतं, म्हणून बाळाला धोका कमी. पण शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच झाला, तर तेवढा वेळ उरत नाही, आणि जन्माच्या वाटेवर तो बाळाला लागू शकतो. मग कातडीवर, डोळ्यांत, कधी मेंदूत, कधी सगळ्या अंगात. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, आणि तोवर बराच उशीर झालेला असू शकतो. मी वाचलं आणि मला माझं ते धन्याचं पाणी दिसलं. आणखी काही दिवस मी ते तसंच गाळून देत राहिले असते. फोड वरून सुकले असते, केतकी गप्प बसली असती आणि आम्ही सगळे नॉर्मल डिलिव्हरीसाठी देव पाण्यात घालून बसलो असतो.

दुसरंही काही मनात आलं. ते लिहायला मला दोन दिवस लागले. हे कुठून आलं, असं मनात आलं. सुशांतकडून? की... मी पुढचा विचार करायचं टाळलं, पण केला. दुपारी पायरीवर सिस्टरांना म्हणाले, “गोळ्यांवरून कळलं मला. जावयाला विचारायला नको का?”

“त्याला बलावलंय डॉक्टरीनबाईंनी, दोघांना संगट. तुमी काय इचारणार?”

“कुठून आलं ते.”

“कुठनं आलं हे इचारायचं न्हाई, बाई. कुठं जातंय तेवढं बघायचं.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “वर्सानुवर्सं अंगात निजून ऱ्हातं ते. ज्याच्या अंगात आसतं त्याला बी ठावं नसतं.”

मला ते पटलं नाही. मी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याला सोशिकपणा समजले.

वैशाखात साताऱ्याच्या दवाखान्यात रेवा जन्मली. सिझेरियनच झालं. बाळाला दोन दिवस नजरेखाली ठेवलं, तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ निघालं. घरी आणल्यावर सिस्टर आमच्या दारात स्टूल टाकून बसल्या. जो येईल त्याला हात धुवायला लावीत आणि म्हणत, “ओठ दावा.”

सांगलीहून विहीणबाई आल्या. “हे काय आणि नवीन?” त्या म्हणाल्या. “आमच्या सांगलीत असलं काही नसतं हो.”

“तोंडं तर आसत्यात न्हवं?” सिस्टर म्हणाल्या. “दावा.”

विहीणबाईंनी दाखवले. वर, “नॉर्मल का नाही झालं?” असं विचारलं.

“त्ये डॉक्टरला इचारा. आमी काय डॉक्टर हाय?”

मी मागे उभी होते आणि खूश होते. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओठाच्या कडेला चुणचुणायला लागलं. दुपारपर्यंत तीन-चार बारीक फोड. दर उन्हाळ्यात मला ताप फुटतो. मी सात वर्षांची होते तेव्हापासून. आई त्याला तूप लावायची.

सिस्टरांनी मला दारातच अडवलं. “बाई, ओठ.”

“ताप फुटलाय. दरवर्षी फुटतो.”

“ह्येच त्ये.”

“काय?”

“केतकीचं आन् तुमचं. सख्खी भावंडं म्हना. तुमचं वर आलंय, तिचं खाली आलं. पाव्हण्याला दोनी सारखीच.” मग आवाज खाली आणून, “तुमाला सातव्या वर्सी झालं म्हनता. कुठनं आलं, आसं इचाराय कोन आलं हुतं का तुमच्याकडं?”

दोन महिने मी माझ्या मुलीकडे एका नजरेने बघत होते. तिला ती नजर कळली असणारच. म्हणून तर ती भिंतीकडे बघायची. आणि माझ्या तोंडावर पन्नास वर्षं तीच गोष्ट येत-जात होती, तुपाने बरी होत होती.

खपली पडेपर्यंत मला बाळापासून लांब राहायचं होतं. दहा दिवस. मी बाहेरच्या खोलीत झोपले, तोंडाला मास्क. आणि माझ्या नातीला सिस्टर न्हाऊ घालत होत्या. पाय पसरून पाटावर बसत, पायांवर तिला घेत, हाताने पाण्याची ऊब बघत. रेवा रडत नसे. केतकी शेजारी बसून हसत असे. मला ते हसू ऐकू यायचं, मैदानावरून यायचं तसंच. इतका जळफळाट मला आयुष्यात कधी झाला नव्हता. ज्या बाईने माझी नात वाचवली तिने उद्या आजारी पडावं, म्हणजे पाटावर मी बसेन, असंही एकदा मनात आलं. खोडणार होते हे वाक्य. राहू दे.

सातव्या दिवशी दुपारी केतकी झोपली होती, सिस्टर जेवायला घरी गेल्या होत्या. मी आत गेले. मास्क खाली ओढला. रेवाला उचललं. टाळूला तेलाचा वास होता. मी वाकले. किती वाकले ते मला सांगता येणार नाही.

“बाई.”

सिस्टर दारात होत्या. एवढंच म्हणाल्या. मी बाळ खाली ठेवलं. त्या आल्या, पाव्हण्याचं पाऊल उचललं आणि माझ्यापुढे धरलं. मी मास्क वर केला आणि ते पाऊल कपाळाला लावलं. मग त्या हात धुवायला गेल्या.

त्यांनी हे केतकीला कधीच सांगितलं नाही. लोक आपली गुपितं त्यांच्यापाशी का ठेवत, हे मला त्या दुपारी कळलं, आणि कळूनही माझा हेवा कमी झाला नाही.

गेल्या वर्षी सिस्टरांच्या पोटात दुखायला लागलं. दुसऱ्यांना चार दिवस कशाला काढले म्हणून रागावणाऱ्या त्या बाईंनी स्वतः चार महिने काढले. मुलगा पुण्याला न्यायला आला होता. त्या म्हणाल्या, केतकीकडे जाते. मिरजेच्या दवाखान्यात केतकीने त्यांची सोय केली, रोज सांगलीहून डबा घेऊन जायची. मी रहिमतपूरहून पॅसेंजरने दोनदा गेले. दोन्ही वेळा त्या दोघींचं बोलणं चालू होतं आणि मी केळी सोलत बसले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मी बसले न बसले तोच म्हणाल्या, “केतकी, माझा चष्मा बघ गं जरा. खाली औषधाच्या दुकानात राहिला का काय.”

केतकी उठली आणि गेली. चष्म्याची एक काडी उशीखालून मला दिसत होती.

“हं. बोला आता,” सिस्टर म्हणाल्या.

मी म्हणाले, “पाणी देऊ का?”

त्या हसल्या. हसताना त्यांना दुखलं. “तुमी बी ना, बाई.”

मग मी विचारलं. चार वर्षं तो एकच प्रश्न होता. “तिने मला का नाही सांगितलं?”

त्यांनी उलट मलाच विचारलं, “त्या दिवशी माझ्या घरात कवा कळलं तुमाला, चष्मा न्हाई म्हनून?”

“पिठाच्या डब्यापाशी.”

“म्हंजी लगीच. मग वीस मिन्टं काय केलं?”

“स्टुलावर बसले.”

“का?”

मी चादरीची सुरकुती सरळ केली.

“कडी लावल्यावर ती पयलं काय म्हनली सांगू?” सिस्टरांनी डोळे मिटले. बोलायला दम लागत होता. “म्हनली, आई किती वेळात येईल? मी म्हनलं, लगीच येतील, घाई कर. तर म्हनली, नाही. आईला कळेल. ती थांबेल. आन् मग बोलली.”

खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती.

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं कवा?”

केतकीचं ते ‘ती थांबेल’ माझं होतं. चार वर्षं ते त्यांच्याकडे होतं. मला रडू आलं ते कशाचं, हे मी अजून नीट लावू शकलेले नाही. पण त्यातही थोडा राग होता, एवढं खरं आहे.

केतकी आली ती तीन कप चहा घेऊन. चष्मा शोधायला गेलेलं माणूस चहा घेऊन येत नाही. तिने सिस्टरांचा चहा बशीत ओतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही मिळाला.”

“हितंच हाय की गं,” सिस्टर म्हणाल्या आणि उशीखालून काढून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग बशी तोंडाला लावली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, बशीच्या वरून बघताना, काचांवर वाफ आलेली.

त्यानंतर नवव्या दिवशी त्या गेल्या. केतकी जवळ होती. मी रहिमतपूरला होते.

आता त्यांच्या घराला कुलूप आहे. मुलगा महिन्यातून एकदा येतो, पाण्याचा पेला भरून ठेवतो आणि जातो. भिंतीपलीकडे कुणी नाही. रेवाला चौथं संपून पाचवं लागलं आहे. तिची नजर चांगली आहे आणि ती मोठ्याने हसते. केतकी रविवारी फोन करते, मोजकं बोलते. मध्येच थांबते तेव्हा मीही थांबते. यंदाही माझ्या ओठावर ताप फुटला होता. चष्मा केतकीकडे आहे, सांगलीला. मी तो मागितलेला नाही.